बालपरवेशीपासून नुकसानभरपाईपर्यंत

धार जिल्ह्यातील धरमपुरी आणि तिच्या आसपासचा नर्मदेचा काठ माळव्यातील मराठी घराण्यांना परका नाही. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या रणात सुभेदार गिरधर बहादूर पडला. धार, देवास आणि इंदूरच्या दौलतींची पायाभरणी त्या काळातली. आज दक्षिणेची वाट म्हणजे आग्रा-मुंबई महामार्ग, आणि तो नर्मदा ओलांडतो धरमपुरी तहसिलीतील खलघाट येथे. सोयरिकी, लग्नकार्ये, दवाखाने आणि शिक्षण यांच्या निमित्ताने खानदेशाशी आमचा जो राबता अद्याप टिकून आहे, तो बहुतांशी याच पुलावरून चालतो.

१८ जुलै २०२२ रोजी सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाची बस याच पुलाचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली. त्या दिवशी नदीतून बारा मृतदेह काढण्यात आले. चालक आणि वाहक हेही मृतांत होते. त्याच दिवशी मदतीच्या घोषणा झाल्या : महाराष्ट्राकडून मृतांच्या वारसांना प्रत्येकी १० लाख रुपये, मध्य प्रदेश शासनाकडून ४ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख.

या घोषणा योग्यच होत्या आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अशा प्रसंगी एक गोष्ट हमखास घडते. घोषणेची रक्कम हाती आली की घरातील वडीलधारे म्हणतात, "सरकारने दिले, आता आणखी काय मागायचे?" आणि प्रकरण तेथेच मिटते. वस्तुतः सरकारने दिले ते सानुग्रह. म्हणजे अनुग्रहपूर्वक, कृपा म्हणून. हक्काचे मागणे त्याहून वेगळे आहे आणि ते अद्याप शिल्लकच असते. कृपा आणि हक्क यांतील हे अंतर कसे निर्माण झाले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कृपेची परंपरा

आपल्याकडे मृताच्या कुटुंबाचा विचार झालाच नव्हता, असे नाही. आपस्तंब आणि बौधायन यांच्या धर्मसूत्रांत मनुष्यवधाबद्दल गाई देण्याचे विधान आहे : क्षत्रियासाठी हजार, वैश्यासाठी शंभर, शूद्रासाठी दहा. आपस्तंबाने हेतूही सांगितला आहे, तो म्हणजे वैर फेडणे. प्राण घेतला तर काहीतरी भरून दिले पाहिजे, ही जाणीव येथे आहे. आणि प्रत्येक प्राणाची किंमत सारखी नाही, हा दोषही येथेच आहे. हा दोष पुढे वेगळ्या वेषात पुन्हा भेटणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

मराठी राज्यात या विचाराला अधिक माणुसकीचे रूप आले. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी पडलेल्या लोकांच्या मुलांना चाकरीस घेतले आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालविले, असे सभासद बखर सांगते. पेशवाईच्या दप्तरांत हीच रीत 'बालपरवेशी' या नावाने आढळते. लढाईत पडलेल्याच्या लेकरांच्या पालनपोषणासाठी सरकारातून नेमणूक किंवा जमीन मिळे. १७६१ च्या पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले. त्या रणात घरचा कर्ता पुरुष गमावलेली घराणी माळव्यात किती असतील, याची कल्पना वाचकांना आहेच. ज्यांच्या घरी जुनी दप्तरे टिकली आहेत, त्यांना 'बालपरवेशी' हा शब्द नवा वाटू नये.

तथापि बालपरवेशीच्या दोन मर्यादा होत्या. एक तर ती सरकारच्या कामी पडलेल्यांपुरती होती. सावकाराच्या गाडीखाली सापडलेल्या मजुराच्या विधवेला ती नव्हती. दुसरे असे, की ती धन्याच्या मर्जीवर होती. धनी उदार असला तर नेमणूक चाले. गादी बदलली, तिजोरी आटली किंवा कारभारी रुसला तर थांबे. विधवा अर्ज करू शकत होती, दावा लावू शकत नव्हती. अर्ज आणि दावा यांतील हा फरकच पुढील इतिहासाचा गाभा आहे.

मृत्यू हा दाव्याचा विषय नव्हे

विलायतेतील कायदा या बाबतीत फार पुढे होता, असा समज कोणी करून घेऊ नये. १८०८ मध्ये तेथील एका खटल्यात घोडागाडी उलटून एका माणसाची पत्नी जखमी झाली आणि महिनाभराने वारली. न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी निर्णय दिला, की दिवाणी न्यायालयात मनुष्याच्या मृत्यूबद्दल तक्रार चालू शकत नाही. त्या नवऱ्याला स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि पत्नी जिवंत असेपर्यंतच्या काळाबद्दल भरपाई मिळाली. तिच्या मृत्यूनंतरच्या आयुष्याबद्दल काही नाही. याचा अर्थ मोठा विचित्र होता. निष्काळजीपणाने एखाद्याचा पाय मोडला तर भरपाई द्यावी लागे, आणि तो जागीच मेला तर काहीच नाही. चूक करणाऱ्याला माणूस जगण्यापेक्षा मरणे स्वस्त पडे.

रेल्वे सुरू झाल्यावर ही विसंगती झाकता येईना. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश संसदेने कायदा करून मृताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा अधिकार दिला. त्याच धर्तीवर १८५५ मध्ये हिंदुस्थानात तेरावा कायदा झाला. तोच 'फेटल अॅक्सिडेंट्स अॅक्ट', म्हणजे प्राणघातक अपघातांचा कायदा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. अवघ्या काही कलमांच्या या कायद्याने पत्नी, पती, आईवडील आणि अपत्ये यांना दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागता येऊ लागली. आजी-आजोबा, नातवंडे आणि सावत्र मुले यांचाही त्यात समावेश होता. हा कायदा आजही रद्द झालेला नाही, आणि त्याखालील दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे.

मात्र हा कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. धार आणि देवासच्या दोन्ही पात्या ही संस्थाने होती. तेथे दरबारचा न्याय चाले. १९४८ मध्ये मध्य भारत संघ स्थापन झाला, संस्थाने त्यात विलीन झाली, आणि त्यानंतरच या भागातील प्रजेला असे केंद्रीय कायदे लागू झाले. म्हणजे पुण्यामुंबईच्या आमच्या नातलगांना जो हक्क १८५५ पासून होता, तो येथील घराण्यांना जवळजवळ शतकभराने मिळाला. 'मागायचे कशाला?' ही आमच्याकडील वृत्ती केवळ स्वभावातून आलेली नाही. अर्ज करून वाट पाहण्याची सवय आमच्या हाडीमासी खिळली, तिला हाही इतिहास कारण आहे.

दावा लावणारी माणसे

कायदा कागदावर आला म्हणून न्याय घरी चालत येत नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. त्याला उपचारासाठी पुण्यास आणण्यात आले आणि तेथे काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. भूल न देता हाड बसविण्याचा प्रयत्न झाला, असे न्यायालयांना आढळले. आईवडिलांनी २५,००० रुपयांचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तीन हजारांसाठी पंधरा वर्षे! परंतु वैद्याने रुग्णाप्रती कोणती काळजी घेतली पाहिजे, याचे भारतीय न्यायशास्त्रातील मूलभूत निकष त्या निकालाने घालून दिले. आज कोणी रुग्णाचे आप्त ग्राहक आयोगाकडे दाद मागतात, तेव्हा त्या मराठी दांपत्याच्या चिकाटीचा लाभ त्यांना मिळत असतो. वैद्यकीय सेवेलाही ग्राहक कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले.

दुसरे उदाहरण आमच्या सीमेवरचे आहे. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळली आणि आतील माणसे दगावली. चालकाची चूक सिद्ध करायची कशी? साक्ष द्यायला कोणी उरले नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कित्येकदा घटनाच स्वतःसाठी बोलते. सरळ चाललेली मोटार रस्ता सोडून झाडावर जाते, तेव्हा तसे का झाले याचा खुलासा मोटारवाल्यानेच करावा. साक्षीदार नाही म्हणून हताश होणाऱ्या कुटुंबांना या निकालाने मोठा आधार दिला. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र काय अधिक संभाव्य आहे, एवढेच पाहिले जाते. तसेच चूक करणारा चालक स्वतःच मृत्यू पावला तर फौजदारी खटला पुढे चालत नाही, पण वाहनाच्या मालकावरील दावा चालू शकतो.

सरकार स्वतःच प्रतिवादी असेल तर? १९५२ मध्ये उदेपूर येथे सरकारी जीपखाली सापडून एक पादचारी मरण पावला. त्याची विधवा आणि लहान मुलगी यांनी राजस्थान सरकारवर दावा लावला. राजाचा हात चुकत नाही, ही जुनी समजूत पुढे करण्यात आली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली आणि नोकराच्या चुकीबद्दल कोणताही मालक जसा जबाबदार, तसेच राज्यही जबाबदार, असे ठरविले. एका माजी संस्थानी मुलखातील विधवेने मिळविलेला हा निर्णय आमच्यासारख्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. पुढे १९९३ मध्ये ओडिशातील निलाबती बेहेरा प्रकरणात पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या मातेला सर्वोच्च न्यायालयाने थेट घटनेच्या आधारे दीड लाख रुपये देवविले.

याच्या उलट बाजूही आमच्याच प्रांतात घडली. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांचे दावे केंद्र सरकारने आपल्या हाती घेतले आणि १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम अपुरी असल्याची तक्रार तेव्हापासून होत राहिली. परंतु ती वाढवून मिळावी म्हणून सरकारने केलेली याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. दुसऱ्याच्या हाती सोपविलेला दावा आपल्या मनाजोगा चालेलच असे नाही, हा त्यातील धडा.

कोणाचे नुकसान, किती नुकसान

मोटारींच्या बाबतीत १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली आणि आज बहुतेक प्रकरणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली तेथेच चालतात. येथे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरले.

पहिला प्रश्न असा, की वारस कोण? १८५५ च्या कायद्यात भाऊबहिणींना स्थान नाही. विलायती कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या त्या यादीत आमचे एकत्र कुटुंब बसत नव्हते. धाकट्या भावाच्या कमाईवर थोरल्या भावाचे घर चालते, परित्यक्ता बहीण माहेरी असते, पुतण्या काकाकडे शिकतो; ही आमच्या घरांची नित्याची रीत. १९८७ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले आणि मोटार अपघातात मृताचा भाऊही भरपाई मागू शकतो, असा निर्णय दिला.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी त्याची पद्धत ठरवून दिली. समजा, पस्तीस वर्षांचा एक दुकानदार दरमहा १५,००० रुपये मिळवीत होता आणि त्याच्यावर चार माणसे अवलंबून होती. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. भावी वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा केला की उरतात १,८९,०००. या वयाचा गुणक १६; म्हणून भरपाई ३०,२४,००० रुपये, आणि शिवाय अंत्यविधी, सहवासाची हानी वगैरेंपोटी ठरीव रक्कम. खलघाटच्या प्रसंगी जाहीर झालेल्या तिन्ही मदतींची बेरीज १६ लाख होते. कृपा आणि हक्क यांतील अंतर येथे आकड्यांत दिसते.

परंतु याच गणितात धर्मसूत्रांतला तो जुना दोषही डोकावतो. तेव्हा गाईंची संख्या वर्णावर ठरे, आता रुपयांची संख्या मिळकतीवर ठरते. मग जिला पगारच नाही, त्या गृहिणीचे काय? १९८९ मध्ये जमशेदपूर येथे एका समारंभातील आगीत अनेक स्त्रिया आणि मुले मृत्यू पावली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले, आणि २०२१ मध्ये गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानण्याच्या तत्त्वाचा पुन्हा जोरकस पुरस्कार केला. घर चालविणारी बाई 'काही करीत नव्हती' असे दाव्यात लिहू देणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात घ्यावे. तिच्या मोलाची दखल न्यायालयाने घेतली आहे, ती आपण घेतली पाहिजे.

आज खुल्या असलेल्या वाटा

इतिहासाच्या या प्रवासानंतर आजची स्थिती थोडक्यात नोंदविणे अवश्य आहे. मोटार अपघाताचा दावा अपघात जेथे घडला तेथेच लावावा लागतो, हा समज चुकीचा आहे. दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो लावता येतो. धरमपुरीत घडलेल्या अपघातासाठी अमळनेरच्या विधवेला धारला खेपा घालण्याचे कारण नाही, आणि महाराष्ट्रात आप्त गमावलेल्या देवासच्या कुटुंबाला तिकडे जाण्याचे नाही.

मुदतीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. १९९४ मध्ये दाव्याची कालमर्यादा काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची अट लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि शहाण्या माणसाने सहा महिन्यांच्या आत दावा लावावा, हेच उत्तम. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत कोर्टकचेरीचा विषय न काढण्याची रीत अनेक घरांत आहे. भावना समजण्याजोगी आहे, पण त्या एका रीतीने मुदत ओलांडली जाऊ शकते.

त्याच दुरुस्तीने चुकीचा प्रश्न बाजूला ठेवून मृत्यूबद्दल ५ लाख रुपये देण्याची तरतूद केली. ही रक्कम विमा कंपनीशी तडजोडीने स्वीकारली, तर न्यायाधिकरणातील मोठा दावा संपुष्टात येतो. सरकारी सानुग्रह मदतीची पावती म्हणजे फारकती नव्हे. तडजोडीच्या कागदावरील सही मात्र फारकतीच ठरते. लोकअदालतीतील निवाड्यावरही अपील नसते. तेव्हा सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा.

कामावर असताना मृत्यू आला, तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने वेगळी वाट दिली होती, आणि तेथे कामगाराच्या मृत्यूबद्दल त्याची स्वतःची चूक सहसा आड येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. बसचा चालक किंवा वाहक यांच्या कुटुंबाला ही वाट आणि मोटार कायद्याची वाट यांतून एकच निवडता येते. फौजदारी बाजूस, निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याची शिक्षा जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.

वकिलाच्या खर्चाची भीती हेही मागे राहण्याचे एक कारण असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्यास पात्र आहे. मुलांनाही तोच अधिकार आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण असते. पतीच्या मृत्यूनंतर दीर किंवा जावई यांच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची वेळ एखाद्या भगिनीवर येऊ नये, एवढी सोय कायद्याने केली आहे.

रुमालात काय बांधावे

मृत्यूचा मोबदला घेणे हे काही घरांना अमंगळ वाटते. 'माणसाचे पैसे करायचे का?' असा प्रश्न विचारला जातो. आमच्या मते तो प्रश्न उलटा आहे. भरपाईचा दावा मेलेल्याची किंमत करीत नाही. मागे राहिलेल्यांचे जे हिरावले गेले त्याचा हिशेब मागतो, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला त्या चुकीपुढे उभे करतो. अंगावर आलेला दावा महामंडळाला, रुग्णालयाला किंवा कारखान्याला पुढच्या वेळी सावध करतो. कृपेने दिलेल्या धनादेशाने तसे होत नाही, कारण कृपेत चुकीची कबुली नसते.

आमच्या घराण्यांनी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने केली. सनदा, इनामपत्रे, तनख्याच्या चिठ्ठ्या यांचे रुमाल बांधून ते जपले. गादी गेली, तनखे गेले, तरी रुमाल राहिले. ती सवय आजच्या काळातही कामाची आहे. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचे पुरावे, प्रवासाचे तिकीट, दवाखान्याची कागदपत्रे आणि विम्याचा तपशील हे सर्व पहिल्या महिन्यातच मागून घ्यावे आणि एकत्र ठेवावे. पूर्वजांच्या रुमालातील सनदेवर धन्याची मर्जी लिहिलेली होती. या नव्या रुमालात कोणाची मर्जी नाही, म्हणून तो बांधायला कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.